घरगुती गाण्यांचं बातमीपत्र

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे रोज टीव्हीवर दिसतात. मी माझ्या दुसऱ्या उद्योगाबद्दल बोलते. त्यात ती बुद्धिमत्ता आपोआप येईलच. हल्ली ती कुठे येत नाही?

तर माझा दुसरा उद्योग असा. आम्ही अकरा माणसं घरच्या घरी गाणी रचतो, गातो, वाजवतो, रेकॉर्ड करतो आणि एकमेकांना ऐकवतो. यात सांगलीचे एक दातांचे डॉक्टर आहेत, नाशिकच्या बँकेतल्या एक ताई आहेत, न्यू जर्सीत राहणारा एक जण आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचे पेटीवाले काका आहेत आणि बाकीचे आमच्यासारखे नोकरदार. एकालाही गाण्यातून पैसे मिळत नाहीत. आमचा श्रोतृवर्ग म्हणजे आम्ही अकरा, अधिक घरातली पळून जाऊ न शकणारी मंडळी.

दर महिनाअखेर या कंपूचं बातमीपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकत दप्तर भरणारी आपली पिढी, त्यामुळे मी ते त्याच थाटात लिहिते. आज त्याचीच खास आवृत्ती आपल्यासमोर वाचते. प्रथम ठळक बातम्या.

सांगलीच्या डॉक्टरांनी कपड्यांच्या कपाटात बसून गाणं पूर्ण केलं. कपाट रिकामं करून देण्याची घरच्यांची मागणी.

न्यू जर्सीहून आलेल्या तंबोऱ्यात अमेरिकेच्या विजेचा सूर आढळला.

पुण्यात एका कोकिळाला सहगायकाचं श्रेय.

आणि, यंत्राने केलेल्या गाण्यावरून कंपूत वादंग, तोडगा दृष्टिपथात.

सविस्तर बातम्यांकडे जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी. घरी बसून एकट्याने पूर्ण गाणं रेकॉर्ड करता येतं, याचं बरंचसं श्रेय आपल्या लाडक्या कॅसेटला आहे. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून ती गुंडाळलेली सगळी माणसं इथे बसली आहेत, त्यामुळे समजावणं सोपं आहे. त्या फितीवर चार पट्टे असतात. ए बाजूचे दोन, डावा आणि उजवा. आणि कॅसेट उलटली की बी बाजूचे दोन. १९७९ साली टिॲक या जपानी कंपनीने टॅस्कॅम १४४ पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. त्यात बी बाजू ही भानगडच ठेवली नाही. चारही पट्टे एकाच दिशेने. पहिल्यावर गिटार वाजवा, ते कानात ऐकत दुसऱ्यावर गा, ते दोन्ही ऐकत तिसऱ्यावर आणखी काही. फीत दुप्पट वेगाने पळायची, म्हणून आवाजही जरा स्वच्छ. स्टुडिओ टेबलावर मावला.

ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने १९८२ च्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर नव्या गाण्यांचे कच्चे खर्डे केले. मग आपला वाद्यवृंद घेऊन स्टुडिओत तीच गाणी नीट करायला गेला. जमेनात. शेवटी घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने अल्बम म्हणून त्याच वर्षी बाहेर पडली. आपल्या मुलांच्या पिढीचं उदाहरण हवं तर बिली आयलिश. तिचा २०१९ चा अल्बम बव्हंशी लॉस एंजेलिसमधल्या घरी, तिच्या भावाच्या बेडरूममध्ये झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आता तर पोर्टास्टुडिओही लागत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेलं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतंय. पट्टे चारच का, चाळीस घ्या.

आणि घरात, कामाच्या जागी गाणं हे आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. समोर श्रोते नाहीत, तिकीट नाही. एकीने ओवी घातली की जात्याच्या खुंट्याला धरलेली दुसरी पुढची घालते. ती दुसरी बाई आज माझ्या भाषणात पुन्हा येणार आहे, तिला लक्षात ठेवा.

आता सविस्तर बातम्या.

सांगली. डॉक्टर कपाटात का बसले? घरातल्या उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि माणूस बाथरूममध्ये गातोय असं वाटतं. लटकवलेले कपडे, साड्या, गोधड्या तो परतणारा आवाज पिऊन टाकतात. मात्र लोकांचा नेहमीचा गैरसमज असा की गोधडी लावली म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही. गोधडी आतला घुमारा मारते. बाहेरच्या आवाजाला जाड भिंतच लागते. त्यामुळे डॉक्टरांच्या गाण्यात घुमारा अजिबात नाही आणि कुकरच्या दोन शिट्ट्या मात्र स्पष्ट आहेत.

न्यू जर्सी. स्वस्त मायक्रोफोन आणि लांब वायर असली की घरातल्या विजेची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते. भारतात वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. सुराच्या भाषेत हा खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वरचा स्वर. म्हणजे आपल्या घरातले फ्रीज आणि पंखे जन्मभर जवळजवळ पांढरी पाचमध्ये तंबोरा लावून बसलेले आहेत! अमेरिकेत साठ आवर्तनं. तो स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. जर्सीवाल्याने पाठवलेल्या तंबोऱ्याखाली ही बेसूर गुणगुण होती. फाईल कुठल्या देशातून आली ते आम्ही आता नाव न वाचता सांगतो.

त्याच्याबरोबर आम्ही एकत्र का गात नाही, असंही लोक विचारतात. इंटरनेट आहे ना? आहे, पण प्रकाशालाही वेळ लागतो. पुणे ते न्यू जर्सी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तार अगदी सरळ असली तरी जायला साठ मिलिसेकंद आणि यायला तेवढेच. साठ मिलिसेकंदांत हवेतून आवाज वीस मीटर जातो. म्हणजे शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला तबलजी आणि दुसऱ्या टोकाला गायक बसवल्यासारखं. दोघं एकमेकांची वाट बघतात आणि लय ओघळत जाते. म्हणून आम्ही आळीपाळीने गातो. एकाने ठेका आणि पट्टी घालून दिली की दुसरा त्यावर आपला थर चढवतो. जात्यावरच्या त्या दुसऱ्या बाईसारखं. फक्त आमची ओवी पुढे सरकायला कधी कधी तीन आठवडे लागतात.

पुणे. फाल्गुनात पहाटे पाचला मी रेकॉर्डिंगला बसते, कारण त्यानंतर सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो. नेमका तेव्हाच नर कोकीळ सुरू होतो. तो प्रत्येक कुहूला सूर चढवत नेतो, टोकाला जाऊन थांबतो आणि पुन्हा खालून सुरू करतो. त्यामुळे त्याची पट्टी धरून गावं म्हटलं तर तेही होत नाही. त्याला सॉफ्टवेअरने गाळायला गेलं तर माझ्या आवाजाचाही लचका तुटतो. शेवटी त्याला ठेवला आणि श्रेयनामावलीत नाव दिलं. मानधनाबाबत बोलणी सुरू आहेत.

बाजारभाव. मायक्रोफोन स्थिर. हेडफोन चढे. गोधडी घरचीच. आमच्या एकुलत्या एक अल्बमच्या दोन प्रती विकल्या गेल्या. दोन्ही खरेदीदार आमच्या आया.

क्रीडा. २००४ साली बर सेटल्स या गाणी करणाऱ्या संगणकतज्ज्ञाने आणि त्याच्या मित्रांनी फेब्रुवारीत अठ्ठावीस दिवसांत चौदा गाणी रचायची पैज सुरू केली. आता जगभरचे हौशी लोक दर फेब्रुवारीत ती लावतात. आम्ही संसारी माणसं, म्हणून आमचं लक्ष्य माणशी चार. लीप वर्षात साडेचार. यंदाचा धावफलक: चव्वेचाळीसपैकी एकतीस.

आणि आता मुख्य बातमी.

या एकतीस गाण्यांत एक डॉक्टरांचं होतं. पावसाची वाट बघणाऱ्या मुलीचं भावगीत. गोड आवाज, संतूर, बासरी, सगळं जागच्या जागी. एकही श्वास चुकीच्या ठिकाणी नाही. एरवी आमच्याकडे गाणं आलं की चौकशी समितीच बसते. नाशिकच्या ताईंच्या गाण्यावर त्याच आठवड्यात तेवीस निरोप आले होते. "'अंगणात' म्हणताना मध्येच श्वास का घेतलास?" "कडवं तीनच ओळींचं का?" त्यावर ताईंचं स्पष्टीकरण, त्यावर दुसऱ्याची सूचना, त्यावर भांडण. डॉक्टरांच्या गाण्यावर मात्र एक "वा", एक "सुंदर", तीन अंगठे आणि त्यानंतर कुणाचा तरी गुलाबाच्या फुलांचा शुभप्रभात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं, "हे गाणं यंत्राने केलं. मी फक्त चार ओळी लिहून दिल्या. अर्ध्या मिनिटात तयार झालं. तुम्ही काय विचारता ते मला बघायचं होतं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

मग वादाला तोंड फुटलं. एक गट म्हणाला, बंदी घाला. जर्सीवाल्याने खबर दिली की २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या अशी गाणी करून देणाऱ्या दोन कंपन्यांवर खटले भरले होते. आमची गाणी न विचारता यंत्राला शिकवलीत, असा त्यांचा दावा. ताई म्हणाल्या, "माझा तबला मोबाईलमधला आहे, तंबोरा मोबाईलमधला आहे. बंदी घालायची तर कुठून सुरुवात करणार?"

आणि मग काकांचा निरोप आला. काका कधी फार लिहीत नाहीत. त्यांना बोटांचा संधिवात आहे. त्यांनी लिहिलं, "पेटीवर बोट पडतं, पण वेळेत उचलत नाही. द्रुत गत मनात पूर्ण तयार असते आणि हातातून अर्धीच निघते. यंत्राला सांगून ती वाजवून घेतली, तर तुम्ही मला कंपूबाहेर काढणार का?"

दोन दिवस कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांच्या गाण्यानंतरची शांतता वेगळी होती आणि ही वेगळी.

मला लेस पॉल आठवला. हा अमेरिकन गिटारवादक म्हणजे आम्हा घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांचा कुलपुरुष. १९४८ साली बाहेर आलेल्या 'लव्हर' या रेकॉर्डवर त्याने एकट्याने गिटारचे आठ थर चढवले, आणि त्यातले काही अर्ध्या वेगात रेकॉर्ड करून दुप्पट वेगाने वाजवले. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. त्याने डॉक्टरांना सांगून हात गिटार धरता येईल अशा कोनातच कायमचा बसवून घेतला. म्हातारपणी संधिवाताने बरीचशी बोटं निकामी झाली, तरी तो उरलेल्या बोटांनी नव्वदीतही दर सोमवारी न्यूयॉर्कमध्ये वाजवायचा.

म्हणून मी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, निम्म्या लयीत वाजवा. घाई करू नका. चार-चार आवर्तनं वाजवा आणि हात दुखला की थांबा." पूर्वी फीत वेगाने पळवली की सूरही चढायचा. आता सॉफ्टवेअर लय दुप्पट करतं आणि सूर जागेवर ठेवतं. तीन रविवार लागले. तुकडे जोडताना मला एका ठिकाणी सम यायच्या आधी पेटी किंचित रेंगाळलेली दिसली. पडद्यावर ते स्पष्ट दिसतं. मी विचारलं, "काका, ही जागा सरळ करू का?"

काका म्हणाले, "हात लावू नकोस. ती मुद्दाम आहे. तिथे ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता चुकतोय."

त्या एका वाक्यावर आमचा तोडगा उभा आहे. कंपूचा नवा नियम असा: कुठलंही यंत्र वापरा, किती का वापरा. मात्र गाण्यातल्या कुठल्याही जागेवर कुणी बोट ठेवून "हे असं का?" विचारलं, तर उत्तर देता आलं पाहिजे. काकांकडे प्रत्येक जागेचं उत्तर होतं. डॉक्टरांकडे त्या सुंदर गाण्यातल्या एकाही जागेचं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. मग त्याच चार ओळी घेऊन ते कपाटात शिरले आणि स्वतः चाल लावून गायले. यंत्राचं गाणं त्याहून कितीतरी चांगलं होतं. पण या गाण्यावर सत्तावीस निरोप आले आणि कुकरच्या दुसऱ्या शिट्टीवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

गणिताचे सर इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, हा नियम आमचा नाही, तुमचाच आहे. उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही पाचपैकी दोनच गुण द्यायचात आणि लाल शाईने लिहायचात, "पायऱ्या?" आम्हाला तो तेव्हा सरळसरळ अन्याय वाटायचा. उत्तर आलंय ना, मग झालं! आज माझ्या ऑफिसात यंत्र अर्ध्या मिनिटात प्रोग्रॅम लिहून देतं आणि तो बहुतेक वेळा चालतो. नवीन मुलं तो माझ्यासमोर ठेवतात. मी एका ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, "हे असं का?" काही जणांना सांगता येतं. काही जण माझ्याकडे नुसते बघतात. ती मुलं हुशार आहेत, आपल्यापेक्षाही हुशार. पण ज्या ओळीचं उत्तर त्यांच्याकडे नाही, ती ओळ उद्या बिघडली तर त्यांना दुरुस्त करता येणार नाही. त्या क्षणी मला तुमची लाल शाई दिसते.

गाणं बिघडलं तर कुणाचं नुकसान होत नाही, हे खरं. मग आम्ही अकरा माणसं पायऱ्यांचा एवढा आग्रह का धरतो? कारण "हे असं का?" हा प्रश्न विचारायला आधी नीट ऐकावं लागतं. ताईंचा श्वास कुठे तुटला, काका कुठे रेंगाळले, हे कळायला गाणं दोनदा-तीनदा कानात घ्यावं लागतं. या वयात आपलं बोलणं कुणी तीनदा ऐकतं का, ते घरी जाऊन तपासून बघा. आमच्यातल्या कुणालाही प्रसिद्ध व्हायचं नाही. आमचा श्वास कुठे तुटला हे ओळखणारी दहा माणसं आहेत, तेवढ्यावर आमचं भागतं. जात्यावरच्या पहिल्या बाईची ओवी पुढे जायची, कारण दुसरीचा कान तिच्याकडे असायचा.

आता एक विनंती आणि थांबते. आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज पन्नासेक निरोप येतात: सुविचार, फुलं, विनोद, कुणाकुणाचे व्हिडिओ. सगळं तयार आणि सगळं छान. त्यातलं आपल्यापैकी कुणी स्वतः केलेलं किती असतं? आपल्यातले कितीतरी जण शाळेत गायचे, वाजवायचे, नकला करायचे. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, नोकरी, कर्ज यांत ते राहून गेलं. यंदा प्रत्येकाने दोन मिनिटांचं काहीतरी रेकॉर्ड करून टाकावं. गाणं, कविता, आईची आठवणीतली ओवी, तोंडाने वाजवलेला तबला, काहीही चालेल. कृती सोपी आहे. पंखा बंद करा, खिडकी लावा, समोर गोधडी टांगा, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही. कुकर झाल्यावर सुरू करा.

आणि दुसऱ्याचं आलं की कृपा करून अंगठा पाठवू नका. नीट ऐका आणि एखाद्या जागेबद्दल विचारा, "हे असं का केलंस?"

बाई, सर, तुम्हीसुद्धा ग्रुपवर आहात. आमच्याकडून आलेलं ऐका आणि जिथे पायऱ्या दिसणार नाहीत तिथे खुशाल गुण कापा.

बातम्या संपल्या.